आईची स्मरणपुस्तिका: वर्षाच्या मिस्सेपर्यंत ती कशी तयार करावी

बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांच्या नवव्या अध्यायात यापो गावच्या टबीथेची, म्हणजे दुर्कसेची गोष्ट आहे. ती वारली तेव्हा लोकांनी येशूचा शिष्य पेत्र याला बोलावून घेतलं. तो माडीवर गेला, तर तिथे जमलेल्या विधवा बायका रडत रडत त्याला तिने शिवलेले अंगरखे आणि कपडे दाखवू लागल्या. ती किती गुणी होती याचं भाषण कुणी केलं नाही. तिच्या हातचं काम तेवढं पुढे ठेवलं. घर सांभाळलेल्या भाविक बाईचं स्मरण कसं करावं, हे त्या बायकांकडून शिकावं. खालची सगळी कृती त्यांच्याच वाटेने जाते.

वर्षाच्या मिस्सेला, म्हणजे आईला जाऊन वर्ष झाल्यावर देवळात होणाऱ्या उपासनेला, आलेल्या माणसांच्या हातात आईच्या आयुष्याची चोवीस पानी पुस्तिका द्यायची, असं इथे गृहीत धरलं आहे. हाताशी अकरा महिने असतात. पहिले दोन वस्तू आणि कागद गोळा करण्यात जातात, पुढचे चार माणसांशी बोलण्यात, दोन लिहिण्यात आणि शेवटचे दोन तपासणी व छपाईत. उरलेला महिना आजारपणं, लग्नं आणि पाऊस खातो. उदाहरणं मुख्यतः वसईकडची आहेत, पण मालवण-वेंगुर्ल्याच्या किंवा रायगडातल्या कोर्लईच्या घरातही रीत तीच. प्रोटेस्टंट घरांत मिस्सेऐवजी स्मरणाची उपासना असते, एवढाच फरक.

पहिल्या आठवड्यातली घाई

काही गोष्टी थांबत नाहीत. आईच्या हातातली रोझरी, म्हणजे जपमाळ, आणि गळ्यातलं स्कॅप्युलर (दोरीत ओवलेले कापडाचे दोन पवित्र तुकडे) बहुतेक वेळा तिच्याबरोबरच मातीत जातं, आणि ते योग्यच आहे. पण शवपेटी बंद होण्याआधी घरातल्या कुणीतरी रोझरीचा जवळून एक फोटो काढून ठेवावा. झिजलेले मणी, बदललेला दोरा, मध्येच ओवलेला वेगळ्या रंगाचा मणी हे नंतर कुणालाही नीट आठवत नाही.

तिचा मोबाइल बंद करू नका, फॉरमॅट करू नका आणि नातवाला खेळायला देऊ नका. रिचार्ज चालू ठेवा. व्हॉट्सॲपचं खातं १२० दिवस वापरलं नाही की ते साधारणपणे मिटवलं जातं. त्याआधी प्रत्येक महत्त्वाचं चॅट मीडियासह एक्सपोर्ट करून दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा, एक प्रत संगणकावर आणि एक पेन ड्राइव्हवर. तिने पाठवलेले व्हॉइस मेसेज हा सगळ्यात मोलाचा ठेवा. 'मासे आणलेत, लवकर ये' एवढंच जरी त्यात असलं तरी तो आवाज आहे, आणि त्यातली बोली अस्सल आहे.

तिसरी घाई म्हणजे साफसफाईची, ती मात्र करायची नाही. दुःखात माणसं कपाटं आवरायला घेतात आणि दोन दिवसांत आयुष्याच्या खुणा रद्दीत जातात. भिंतीवरचं जुनं कालनिर्णय, ज्यावर दुधाचे रतीब, गॅसची तारीख आणि कुणाच्या नावाने मिस्सा मागितली ते लिहिलेलं असतं, ते पहिलं टाकलं जातं. ते ठेवा. हिशेबाच्या वह्या, औषधांच्या चिठ्ठ्यांच्या मागे लिहिलेले पदार्थ, शिवणाच्या डब्यातली मापं, सगळं एका कोरड्या खोक्यात घाला आणि वर्ष होईपर्यंत त्याचा निर्णय घेऊ नका.

प्रार्थनेचं पुस्तक वेगळं हाताळायचं. त्यात संतांची चित्रं, इतरांची स्मरणकार्डं, वाळलेली पाकळी, झावळीच्या रविवारची, म्हणजे ईस्टरच्या आधल्या रविवारची, झावळीची वेणी असं काय काय असतं. एकही चीज बाहेर काढण्याआधी पानागणिक फोटो घ्या. कोणत्या प्रार्थनेच्या पानात कुणाचं कार्ड ठेवलं होतं, हे चीज बाजूला झाल्यावर कायमचं हरवतं. ती रोज कुणासाठी प्रार्थना करायची याचा तो एकमेव लेखी पुरावा असतो.

देवळातलं रजिस्टर

तारखांसाठी आधार कार्डापासून सुरुवात करू नका. शाळेत नाव घालताना सोयीसाठी १ जून लिहिलेली आणि आधारला फक्त वर्ष सांगितल्याने १ जानेवारी झालेली जन्मतारीख आपल्याकडे घरोघरी आहे. बाप्तिस्मा बहुधा जन्मानंतर थोड्याच दिवसांत होतो, म्हणून देवळातली नोंद जास्त भरवशाची.

ज्या पॅरिशमध्ये (एका देवळाखालच्या वस्तीत) आईचा बाप्तिस्मा झाला तिथे जा. ती माहेरची पॅरिश असते, सासरची नव्हे, आणि इथेच पहिली फेरी फुकट जाते. वसईतली नंदाखाल, निर्मळ, सांडोर, पापडी, आगाशी इथली देवळं एकमेकांपासून फार लांब नाहीत, पण प्रत्येकाची रजिस्टरं वेगळी. कार्यालयात जाताना आईचं माहेरचं पूर्ण नाव, तिच्या आईवडिलांची नावं आणि अंदाजे जन्मवर्ष कागदावर लिहून न्या. लग्नानंतरचं नाव तिथे उपयोगाचं नाही. हाक मारायचं नाव तर नाहीच: घरात जिला सगळे एका नावाने ओळखतात, तिचं बाप्तिस्म्याचं नाव मुलांनाही ठाऊक नसतं असं पुष्कळदा होतं.

दाखला मागताना समासातल्या टिपांसह मागा. ख्रिस्तसभेच्या नियमाप्रमाणे दृढीकरणाची (बाप्तिस्म्यानंतरच्या, विश्वास पक्का करणाऱ्या संस्काराची) आणि लग्नाची नोंद बाप्तिस्म्याच्या रजिस्टरातच पुढे केली जाते. म्हणजे एका ओळीत तिच्या आयुष्याचे तीन टप्पे हाती लागतात. बाप्तिस्म्याच्या वेळी बाळाची जबाबदारी घेणारे धर्मपिता आणि धर्ममाता यांची नावंही तिथेच असतात. त्यांच्या घरी जाऊन विचारलं की तिच्या लहानपणाची दारं उघडतात. जुन्या नोंदी लॅटिनमध्ये असू शकतात. 'फिलिया' म्हणजे मुलगी, 'पात्रिनी' म्हणजे धर्मपालक. एक सापळा लक्षात ठेवा: जुन्या लॅटिन लेखनात सप्टेंबर हा ७ आकड्याने आणि ऑक्टोबर ८ ने आखूड करून लिहायची पद्धत होती, कारण त्या शब्दांचे मूळ अर्थ सातवा आणि आठवा. नव्या वाचकाला ते जुलै-ऑगस्ट वाटतात.

गावाचं नाव तेच आणि जिल्हा वेगळा दिसला म्हणून गोंधळू नका. पालघर जिल्हा २०१४ साली ठाण्यातून निघाला, सिंधुदुर्ग १९८१ साली रत्नागिरीतून, आणि रायगडचं नाव त्याआधी कुलाबा होतं. वसई धर्मप्रांतही (एका बिशपच्या अखत्यारीतला भाग) १९९८ सालचा. तोवर हा भाग मुंबईच्या महाधर्मप्रांतात होता. सिंधुदुर्ग धर्मप्रांत २००५ साली पुण्यापासून वेगळा झाला. पुस्तिकेत ती घटना घडली तेव्हाचा जिल्हा लिहा आणि आजचा कंसात द्या.

कुणाला विचारायचं आणि काय

नवरा आणि मुलं यांच्यापासून सुरुवात केली तर तेच ते ऐकू येतं. त्यांना आई कायम आईच दिसलेली असते. आधी तिची बहीण, मग माहेरची मैत्रीण, मग जाऊ किंवा नणंद. त्यानंतर घराबाहेरची माणसं: बाजारात तिच्या शेजारी भाजीचा वाटा लावून बसणारी बाई, दारावर येणारी मासेवाली, देवळाची घंटा वाजवणारा, तिने धर्मशिक्षण दिलेली आणि आता चाळिशी ओलांडलेली मुलं, शेजारचं हिंदू किंवा मुसलमान घर. दहा-बारा माणसं पुरतात. वयाने सगळ्यात मोठ्या माणसाकडे सगळ्यात आधी जा.

'आई कशी होती?' हा प्रश्न विचारूच नका. त्याला 'फार चांगली' यापलीकडे उत्तर येत नाही. हातांबद्दल विचारा. सकाळी उठल्यावर पहिलं काय करायची? विहिरीवर कुणाबरोबर जायची? भांडण झालं की बोलून मोकळी व्हायची की गप्प बसायची, आणि किती दिवस? पैसे कुठे ठेवायची? देवळात कोणत्या बाकावर बसायची? कुणाच्या घरी न सांगता जायची? पाऊस लांबला की काय म्हणायची? एका उत्तरात एक क्रियापद तरी मिळालं पाहिजे.

म्हाताऱ्या बायका हात रिकामे असले की संकोचतात. वालाच्या शेंगा सोलताना किंवा लसूण निवडताना त्या मोकळ्या बोलतात. सोबत काम घेऊन बसा. परवानगी विचारून फोन हातभर अंतरावर कापडावर ठेवा, कारण लाकडी टेबलावर प्रत्येक टकटक रेकॉर्ड होते. पंखा बंद करा. चाळीस मिनिटांत थांबा. तेवढं उतरवून काढायला चार तास लागतात हे आधीच धरून चला. तीन तासांची रेकॉर्डिंग पुढे कुणीच ऐकत नाही.

बोली बदलू नका. बोलणारी बाई कादोडी, वाडवळी किंवा मालवणी बोलत असेल, तर तिचं वाक्य देवनागरीत जसं ऐकू येतं तसं लिहा आणि खाली प्रमाण मराठीत अर्थ द्या. कोर्लईच्या घरात पोर्तुगीजमधून घडलेली भाषा, ज्याला ती माणसं 'नौ लिंग' म्हणतात, तिथेही हेच. आईच्या तोंडी प्रमाण मराठी घातली की ती वाचणाऱ्याला परकी वाटते, आणि नातवंडांना तर तिचा खरा आवाज कधीच कळत नाही.

दुखऱ्या गोष्टी निघतात: गेलेलं बाळ, सासूबरोबरचा अबोला, नवऱ्याचं पिणं, भावाशी जमिनीचा वाद. ऐकून घ्या आणि रेकॉर्डिंग जपून ठेवा. छापायचं की नाही हे सगळ्या भावंडांनी मिळून ठरवा, एकट्याने नको. गेलेल्या बाळाचं नाव मात्र भावंडांच्या यादीत छापा, जर बाप्तिस्मा होऊन नाव ठेवलेलं असेल तर. ते लेकरू आईने कधीच मोजणीतून वगळलेलं नसतं.

एक दिवस, एक वर्ष

'आई शिकली नाही, नोकरी केली नाही, मग लिहायचं काय?' या प्रश्नाशी बरीच घरं अडतात. जन्म, लग्न, मुलं, मृत्यू एवढ्या चार ओळींत ते आयुष्य मावत नाही, कारण ते घटनांनी भरलेलंच नसतं. ते फेऱ्यांनी भरलेलं असतं. म्हणून दोन तक्ते करा.

पहिला तक्ता एका दिवसाचा, पहाटेपासून रात्रीपर्यंत तासातासाने. कोणत्या काळातला दिवस ते ठरवून घ्या: मुलं शाळेत असतानाचा, साधारण चाळिशीतला दिवस सगळ्यात भरगच्च असतो. उठण्याची वेळ, चूल की स्टोव्ह, विहिरीच्या खेपा किती, सहाच्या मिस्सेला जायची तर चालत किती वेळ, वाडीला पाणी कधी, भाजी कोणत्या बाजारात, परत कधी, दुपारी डोळा लागायचा का, संध्याकाळच्या घंटेला काय म्हणायची, रात्रीच्या रोझरीला कोण पेंगायचं. शक्य तिथे आकडे लिहा. 'खूप पाणी ओढायची' यापेक्षा 'बारा हंडे' हे जास्त बोलतं.

दुसरा तक्ता वर्षाचा, आणि तो दोन रकान्यांचा करा: एका बाजूला देवळाचं वर्ष, दुसऱ्या बाजूला कोकणातलं. राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आधीचा उपवासकाळ, तेव्हा घरात काय शिजायचं बंद व्हायचं? एप्रिल-मेच्या उन्हात मिरच्या, मसाला, सुके मासे, आणि त्याच महिन्यात मरियेची भक्ती. जूनच्या आधी लाकूडफाटा आणि कौलं. १५ ऑगस्टला मरियेला स्वर्गात घेतल्याचा सण आणि झेंडावंदन एकाच दिवशी. ऑक्टोबर रोझरीचा, आणि भातकापणीचाही. २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, सिमेटरीत (दफनभूमीत) कुणाकुणाच्या कबरीवर मेणबत्ती लावायची, त्या नावांचा क्रम काय? मग नाताळचा फराळ. हे दोन रकाने शेजारी ठेवले की तिची भक्ती आणि तिचे कष्ट वेगवेगळे उरत नाहीत, आणि पुस्तिकेचा अर्धा मजकूर आपोआप तयार होतो.

तिच्या हातची चव कागदावर

दोनच पदार्थ घ्या, पण पुरते. दहा अर्धवट कृतींचा कुणाला उपयोग होत नाही.

पहिली अडचण मापांची. आई वाटी, मूठ आणि अंदाज यांनी मोजायची. तिची नेहमीची वाटी शोधा. तराजूवर रिकामी ठेवून शून्य करा आणि ती भरायची तिथपर्यंत पाणी भरा. जितके ग्रॅम तितके मिलिलिटर. मग त्याच वाटीत पीठ, रवा, किसलेलं खोबरं भरून वजनं लिहा, कारण एकाच वाटीत प्रत्येकाचं वजन वेगळं. मुठीसाठी तिच्याबरोबर वर्षानुवर्षं रांधलेल्या जावेचा किंवा मुलीचा हात वापरा: पाच मुठी वेगवेगळ्या मोजा आणि सरासरी घ्या. मिठाला 'अंदाजे' लिहू नका. रांधण्याआधी आणि नंतर मिठाचा डबा तोला, फरक म्हणजे तिचा अंदाज. पदार्थ तीनदा करून तिच्या बहिणीला चाखवा. पहिल्या वेळी चव क्वचितच जमते.

बाटली मसाला, म्हणजे बाटलीत भरून ठेवायचा घरचा मसाला, लिहायचा तर सगळं प्रमाण एक किलो सुक्या मिरचीला धरून लिहा, म्हणजे कमीजास्त करता येतं. कोणत्या मिरच्या किती, काश्मिरी, ब्याडगी की रेशमपट्टी. मिरच्या किती दिवस उन्हात. कोणता जिन्नस कशानंतर भाजायचा, कारण प्रत्येक वेगळा भाजावा लागतो. धणे आणि तीळ यांना सारखाच वेळ दिला तर तीळ करपतात आणि सगळा मसाला कडवट होतो. बाटली काळपट तपकिरीच का, तर उजेडाने मिरचीचा रंग उडतो म्हणून. धुतलेली बाटली दोन दिवस कडक उन्हात वाळवली नाही तर पावसाळ्यात तळाला बुरशी धरते. मसाला काठीने दाबून भरायचा, हवा राहू द्यायची नाही. घरोघरी जिन्नसांची यादी वेगळी असते, आणि तो फरकच तुमच्या घरची सही आहे. शेजारच्या यादीशी जुळवून घेऊ नका.

फुग्यांचं, म्हणजे तळलेल्या फुगीर गोळ्यांचं, पीठ ती ताडीने फुगवायची आणि आता तुम्ही यीस्ट घालता, तर दोन्ही लिहा, ताडीचं आधी. आगाशीकडच्या घरात राजेळी केळ्यांची सुकेळी (वाळवलेली केळी) होत असतील तर केळी कितपत पिकल्यावर सोलायची हे विचारून घ्या, त्यावरच सगळं अवलंबून. पुरती पिकून मऊ झालेली केळी वाळताना आकार धरत नाहीत.

फोटो आणि लुगडं

अल्बमला जुलै-ऑगस्टमध्ये हात लावू नका. दमट हवेत फोटोचा थर मऊ असतो आणि ओढला की सुटतो. काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करा. चिकट पानांच्या अल्बममधले फोटो बोटाने उचकटू नका. दात साफ करायचा बारीक दोरा फोटोच्या मागून हळूहळू करवतीसारखा सरकवा. फ्रेमच्या काचेला चिकटलेला फोटो ओढूच नका, काचेसकट त्याचा फोटो घ्या.

पासपोर्ट आकाराचा फोटो १२०० डीपीआयवर (इंचाला १२०० ठिपके) आणि पोस्टकार्डाएवढा ६०० वर स्कॅन करा. स्कॅनर नसेल तर खिडकीजवळच्या सावलीत, फ्लॅश बंद करून, फोन फोटोला समांतर धरून टिपा. मागे नावं लिहायची तर ४बी किंवा ६बी मऊ पेन्सिलने, बॉलपेनने नको, त्याचा दाब पुढच्या बाजूला उमटतो. आणि नावं आजच लिहा. लग्नाच्या ग्रुप फोटोतली माणसं ओळखणारी शेवटची व्यक्ती बहुधा ऐंशीच्या पुढची असते.

मुखपृष्ठावर आजारपणातला किंवा शेवटच्या वर्षाचा फोटो नको. पस्तीस ते पन्नासमधला, शक्यतो कामात असतानाचा घ्या. मुलांना तीच आई आठवते.

तिचं लाल लुगडं ठेवायचं असेल तर आधी साध्या पाण्याने धुवून पूर्ण वाळवा. घामाचे आणि खळीचे डाग तसेच राहिले तर पुढे कापड तिथेच विरतं आणि कसर लागते. जुन्या मऊ सुती कापडात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत घालू नका. दर तीन-चार महिन्यांनी घडी वेगळ्या रेषेवर घाला.

लिहिताना

पहिला खर्डा झाला की लाल पेन घेऊन प्रेमळ, कष्टाळू, धार्मिक, मनमिळाऊ, त्यागमूर्ती हे शब्द खोडा. जे वाक्य त्यानंतर रिकामं पडेल तिथे एक कृती घाला. असं वाक्य घ्या: 'आई अत्यंत देवभीरू आणि कष्टाळू होती.' यावर गावातल्या कुठल्याही बाईचं नाव घालता येईल. आता हे पाहा: 'रहाट वाजला की साडेचार झाले असं कळायचं. मिस्सेला जाताना आई पदरात मोगरा बांधून न्यायची, आणि येताना त्याच पदरात वाटेतल्या म्हातारीसाठी घेतलेला पाव असायचा.' यात 'देवभीरू' हा शब्द नाही, पण ती आहे.

तिचा राग, हट्ट, मोडलेली मैत्री यातलं एखादं तरी असू द्या. कधीच न चिडणारी आई लिहिली की घरातल्या माणसांना ती ओळखू येत नाही. भक्तीबद्दलही हेच: ती कशासाठी रुसली होती देवावर, कोणती प्रार्थना फळली नाही आणि तरी ती मिस्सेला जात राहिली, हे लिहायची हिंमत करा. त्याच जागी विश्वासाचं खरं वजन कळतं.

बायबलमधून काय घ्यावं? नीतिसूत्रांचा एकतिसावा अध्याय सगळ्यांना आठवतो, आणि तो छानच आहे, पण पूर्ण वाचा. दहाव्या ओवीपासूनच्या त्या बावीस ओव्या हिब्रू वर्णमालेच्या क्रमाने रचल्या आहेत. त्यातली बाई शेत पाहून विकत घेते, द्राक्षमळा लावते, कापड करून विकते, गरिबाला हात देते. वाडी पिकवून भाजी विकणाऱ्या आईला यातल्या नेमक्या दोन ओव्या चपखल बसतात. त्या दोनच छापा. आजीकडून आईकडे आणि आईकडून लेकराकडे आलेल्या विश्वासाबद्दल लिहायचं असेल तर तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या पहिल्याच अध्यायात पौलाने लोईस आणि युनीके या आजी-आईची नावं घेतली आहेत.

छपाई

ए-५ आकार, म्हणजे १४८ बाय २१० मिलिमीटर, हातात धरायला आणि पर्समध्ये मावायला बरा. मधोमध पिन मारायची तर पानांची संख्या चारच्या पटीत हवी: १६, २० किंवा २४. बावीस पानांचा मजकूर झाला तर शेवटची दोन पानं कोरी ठेवा, त्यांचा उपयोग पुढे आहे. आतला कागद १०० ते १३० जीएसएम (चौरस मीटरला इतके ग्रॅम), मुखपृष्ठ २५० किंवा ३००. पूर्ण पानभर फोटो टाकायचा तर तो किमान १७४८ बाय २४८० पिक्सेलचा हवा. आणि फोटो छापखान्याला व्हॉट्सॲपवर पाठवायचे असतील तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. नुसता फोटो म्हणून पाठवला की तो दाबला जातो आणि छपाईत चेहरा पुसट येतो.

बऱ्याच छापखान्यांत मराठी मजकूर युनिकोडमधून जुन्या फॉन्टमध्ये बदलून घेतात. त्या बदलात 'दुसऱ्या', 'नवऱ्याने', 'शेजाऱ्यांनी' यांतला अर्धा र तुटतो, आणि जोडाक्षरं सुटी होतात. म्हणून संगणकावर बरोबर होतं एवढ्यावर न थांबता छापील प्रूफ मागा आणि ऱ्य, ऱ्ह, र्य असलेले शब्द बोट ठेवून तपासा. दोन वाचक लागतात: एक घरातली थोरली, फक्त नावं, नाती आणि तारखा पाहण्यासाठी, दुसरा बाहेरचा, भाषेसाठी. एकाच माणसाला दोन्ही दिलं तर नावाची चूक हमखास राहते, आणि जावयाचं नाव चुकलेली पुस्तिका वाटणं फार अवघड जातं.

प्रतींचा आकडा माणसांवर नव्हे, घरांवर काढा. पाहुण्यांची जेवढी घरं, तेवढ्या प्रती, वर पंचवीस-तीस.

मिस्सेचा दिवस

तारीख दोन-तीन महिने आधी फादरांशी बोलून ठरवा. रविवारची एक मिस्सा सगळ्या पॅरिशसाठी अर्पण होते, म्हणून फक्त आईसाठीची मिस्सा आठवड्याच्या दिवशी मागणं सोपं. पुण्यस्मरणाचा दिवस पवित्र गुरुवार, शुभ शुक्रवार किंवा पवित्र शनिवारी आला तर त्या दिवशी मृतासाठीची मिस्सा होत नाही. पवित्र आठवड्याच्या आधीची किंवा ईस्टरच्या आठवड्यानंतरची तारीख घ्या.

प्रवचन हे देवाच्या वचनावर असतं, आईच्या चरित्रावर नव्हे, म्हणून फादरांवर तो भार टाकू नका. घरच्यांपैकी कुणी बोलायचं असेल तर कम्युनियननंतरच्या (ख्रिस्तप्रसाद घेतल्यानंतरच्या) प्रार्थनेपाशी पाच मिनिटं मिळतील का ते विचारा. पाच मिनिटं म्हणजे भरल्या गळ्याने वाचताना जेमतेम पाचशे शब्द. दिवसाच्या तक्त्यातला एकच तास निवडून वाचा. दुसऱ्या एकाच्या हातात तोच कागद द्या, म्हणजे आवाज बसला तर तो पुढे वाचेल.

पुस्तिका मिस्सेनंतर दारात वाटा, आधी नको, नाहीतर मिस्सेत पानं उलटली जातात. त्यानंतर सिमेटरीत जाताना कबरीवरच्या दगडाचा फोटो घ्या, अक्षरं वाचता येतील असा. अनेक पॅरिशमध्ये जागा कमी असल्याने ठरावीक काळाने कबर पुन्हा उघडतात आणि दगड हलतो.

घरी आल्यावर एका प्रतीच्या शेवटच्या दोन कोऱ्या पानांवर पाहुण्यांना पेन्सिल द्या. जेवताना कुणीतरी म्हणतंच, बारा हंडे नव्हे, चौदा. मोगरा नव्हे, अबोली. ते त्यांच्याच अक्षरात लिहून घ्या. ती प्रत, सगळे स्कॅन असलेला पेन ड्राइव्ह आणि ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या दोन पुड्या घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात घाला, आणि पुड्या दर मे महिन्यात, पावसाआधी, बदला.